अपेक्षित टक्के

नगरपालिकेच्या शाळेत प्रवेशाआधी मुलांच्या डोक्याला एका यंत्राचा पट्टा लावत. मूल पुढे दहावीत किती गुण मिळवील, ते यंत्र लगेच सांगे. सहा वर्षांच्या नाझनीनच्या नावापुढे एकवीस टक्के उमटले.

"बाई, मीसुद्धा चौथीपर्यंत अडखळतच वाचायचे," तिची आई जुबेदा म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना मला?"

मुख्याध्यापिका दमयंती सोनटक्केंना ते आठवत होतं. पण शाळेच्या अपेक्षित टक्क्यांची सरासरी आणखी घसरली असती, तर शाळेला कुलूप लागून उरलीसुरली मुलंही घरी बसली असती.

त्यांनी यंत्रावरचं नकाराचं बटण दाबलं.

नाझनीन एव्हाना पहिल्या बाकावर जाऊन बसली होती. बाईंनी हात धरून तिला उठवलं.

"बाई, माझं काय चुकलं?"

बाईंनी पुढच्या मुलाला हाक मारली.