शब्द नसलेलं पुस्तक

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या एका सोसायटीत रंजनी दर शनिवारी सकाळी मुलांना चित्रपुस्तकं दाखवते, आणि आईवडील मागे बसून टिपणं काढतात. पोंगलनंतर तिचे वडील वारले. तेव्हापासून ती मृत्यूवरची, एकही शब्द नसलेली पुस्तकं आणू लागली.

"मुलांपासून मरण लपवू नका," ती पालकांना सांगायची. "त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं." पालकांना हे इतकं पटलं, की कुणीतरी ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या फोटोसकट टाकलं.

त्या शनिवारी भरतनाट्यमचा क्लास नव्हता, म्हणून रंजनीची पाच वर्षांची मुलगी सहानाही पहिल्यांदाच येऊन बसली. रंजनीने पुस्तकाचं पान उलटलं. चित्रात एका म्हाताऱ्याची रिकामी खुर्ची होती आणि तिच्याशेजारी त्याचा कुत्रा बसला होता. ती मुलांकडे बघत राहिली.

"ते आजोबा मेले," पहिलीतला व्यंकटेश म्हणाला.

"शाबास," रंजनी म्हणाली. मागे सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

सहाना मात्र उठून उभी राहिली आणि मोठ्या माणसासारखी व्यंकटेशला समजावू लागली.



"मेले नाहीत रे, ते तंजावरला गेलेत. माझे आजोबा, माझे ताता पण तिथेच आहेत. तिथे फोन लागत नाही, पण दिवाळीला येणार आहेत. अम्मानंच सांगितलंय."