धनलक्ष्मीचा नंबर

"नाव?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"सिद्धेश्वरी," धनलक्ष्मीनं मैत्रिणीचं नाव ठोकून दिलं आणि तोंडावरचा स्कार्फ आणखी घट्ट करून कोपऱ्यातली खुर्ची गाठली. लग्न वीस दिवसांवर आलं होतं आणि कानामागे रुपयाएवढा पांढरा डाग उमटला होता. त्वचेच्या दवाखान्यात तिला कुणी पाहिलं, तर संध्याकाळच्या आत अक्कलकोटला सासरी कळणार आणि सोयरीक मोडणार, याची तिला खात्री होती. असल्या बातमीला बस लागत नाही.

म्हणूनच तर तिनं आधी मोबाइलवरचा डॉक्टर निवडला होता. खोलीला आतून कडी घालून. माणूस बरा होता बिचारा. पण कानामागचा डाग कॅमेऱ्यासमोर धरता धरता तिची मान अवघडली आणि शेवटी तोच म्हणाला, "रंग नीट कळत नाही. कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा."

शेजारी एक बाई पदरात तोंड लपवून बसल्या होत्या. धनलक्ष्मीला जरा धीर आला.

"धनलक्ष्मी," काउंटरवरून पुकारा झाला.

इथं आपलं नाव कुणाला ठाऊक? पण सवयीनं ती उभी राहिली. शेजारच्या बाईही उभ्या राहिल्या. गडबडीत त्यांचा पदर घसरला, हिचा स्कार्फ हनुवटीखाली आला. समोर चंद्रिकाबाई होत्या. श्रीशैलची आई, तिची होणारी सासू.

"अय्यो," चंद्रिकाबाई मटकन खाली बसल्या. "खोटं नाव सांगायला गेले, तर तुझंच आलं की तोंडात. पत्रिका वाटून वाटून दुसरं सुचंनाच." मग लांब बाही सारून त्यांनी मनगट पुढं केलं. त्यावर पांढरे डाग होते. "तुमच्या घरी कळलं तर पोरगी द्यायची न्हाईत, म्हणून लपून आले बघ."

धनलक्ष्मीनं केस बाजूला करून कान दाखवला. चंद्रिकाबाईंनी चष्मा सारखा करून डाग निरखला, त्यावरून बोट फिरवलं आणि खुदखुदू लागल्या. धनलक्ष्मीलाही हसू आवरेना. इतकं हलकं तिला साखरपुड्यालाही वाटलं नव्हतं.

"अहो, धनलक्ष्मी कोण आहे?" काउंटरवरच्या बाई वैतागल्या.

चंद्रिकाबाईंनी तिला हाताला धरून उठवलं आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "ही की. आमची सून."