नवऱ्याच्या चारित्र्याचा रकाना

"बंडखोरांच्या फौजेत किंवा त्यांच्या छावणीत कधी होतात का?" उजेलीने लॅपटॉपवरचा इंग्रजी प्रश्न आपल्या भाषेत करून वाचला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"नाही," लालबीर म्हणाला.

बाल्कनीच्या दारात बसून मनसरा मोहरीची कोमेजलेली पानं आंबवायला काचेच्या बरणीत ठासत होती. मुलाचं 'नाही' ऐकून तिचा हात थांबला.

उजेली सिडनीत शिकून पदवीधर झाली होती. आता इथेच राहून नोकरी करायची तर नवा व्हिसा हवा होता. त्या अर्जात नवरा आणि मुलगीही होती, आणि नवऱ्याचं चारित्र्य स्वच्छ लागत होतं. एकाचं अडलं की तिघांचं अडेल, असं व्हिसाच्या एजंटने बजावलं होतं. जुना व्हिसा शुक्रवारी संपत होता.

"नाही कसं?" उजेली म्हणाली. "जत्रेत मला काय सांगत होतात? चौकी उडवली, भरल्या नदीतून पोहत आलो. माझा भाऊ तर त्यावरच भाळला. शूर पोरगा आहे, देऊन टाका म्हणाला."

"तेव्हाचं सोड गं."

"सोडू कसं? छावणीतल्या सगळ्यांची नावं तपासणीला आलेल्या परदेशी लोकांनी लिहून नेली होती. इथे 'नाही' लिहिलं आणि तिथे नाव सापडलं, तर खोटारडे ठरू. 'हो' लिहावं, तर चौकी उडवणाऱ्याला हे लोक ठेवून घेतील?"

"मी बंदूक हातात धरलेली नाही, उजेली."

"मग काय तीन वर्षं लाकडं फोडत होतात?"

"हो."

ती हसली. मग त्याचा चेहरा बघून हसू तिच्या ओठांवरच राहिलं. लालबीर खाली मान घालून नखाने टेबलावरचा भाताचा वाळका कण खरवडत होता.

"आमा," उजेली सासूकडे वळली, "तुम्ही सांगा. खरं काय?"

मनसराने हात पुसले. "लाकडंच फोडत होता. पाणीही भरायचा."

"म्हणजे लढला नाही?"

"लढायला लढाई कुठे होती? ती थांबली होती. खाली छावणी उघडली, लढलेल्यांची मोजदाद व्हायची होती, आणि बंडखोर पार्टीवाल्यांना डोकी कमी पडत होती. घरटी एक पोर द्या म्हणाले. तिथे दोन्ही वेळ भात होता, उजेली. आमच्याकडे त्या वर्षी मकासुद्धा नव्हता. रानातला पाला उकडून खात होतो."

"आणि ती चौकी? ती नदी?"

"ती गोष्ट रणमायाच्या मुलाची. शेजारच्या. तो खरा लढला होता. गेला बिचारा."

हे बोलताना मनसराला गावची चूल दिसत होती. ओल्या लाकडांचा धूर, आणि पलीकडे पंधरा वर्षांचा लालबीर, दंडाची हाडं दिसणारा. परदेशी लोक विचारतील तसं ती त्याला विचारायची. वय किती? अठरा म्हण. चौकीवर कुठल्या बाजूने गेलात? तो चुकला की पळीने गुडघ्यावर टोला. रणमाया रडत रडत सांगायची आणि मनसरा ते पोराकडून घोटून घ्यायची. छावणीत सोनेरी केसांच्या बाईपुढे तो एकदाही अडखळला नाही. त्याचं खरं वय पुढे उघडकीला आलं, आणि तीन वर्षांनी अपात्र ठरवून त्याला घरी धाडलं. गावातली पोरं 'अपात्र, अपात्र' म्हणून मागे लागायची. पण तो घरी आला तेव्हा त्याच्या गालांवर मांस होतं. मनसराने आधी तेच पाहिलं होतं.

"मला तरी सांगायचं होतं," उजेली नवऱ्याला हळूच म्हणाली.

"तुझ्या भावाने मग तुला दिली असती?"

आतल्या खोलीत मुलगी झोपेत कण्हली. तिघांनीही कान दिले. ती पुन्हा गप्प झाली.

"हे असंच लिहायचं," शेवटी उजेली म्हणाली. "छावणीत होतो, लढलो नाही, वय लहान होतं."

"कोण विश्वास ठेवेल?" लालबीरने विचारलं.

"शंका आली तर फोन करून विचारतात, एजंट म्हणाला. तेव्हा तुम्हालाच बोलावं लागेल. मला मध्ये पडता येणार नाही." तिने लॅपटॉप बाजूला सारला, ओढणी सारखी केली आणि अनोळखी माणसाकडे पाहावं तसं नवऱ्याकडे पाहिलं. "बोला, लालबीर घर्ती. छावणीत कशाला गेलात?"

लालबीरने घसा साफ केला. "मी अठरा वर्षांचा होतो, आमच्या तुकडीने पहाटे पश्चिमेकडून..."

तो थांबला.

"अहो!"

"सवयीने आलं गं तोंडात."

"पुन्हा. कशाला गेलात?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग, पुढचा शब्द कुणीतरी सुचवावा अशा नजरेने, त्याने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस," मनसरा म्हणाली. "हे मी शिकवलेलं नाही तुला."