तिसरा फर्मा

आक्कानं माइक हातानं बाजूला सारला. तो पुन्हा सरकत तोंडासमोर आला.

"बरं, राहा तिथंच. पण मध्ये बोलू नकोस," ती त्याला म्हणाली, आणि वाचनालयातली साठ माणसं पहिल्याच वाक्याला हसली.

दर महिन्याला इथं एक वाचक आपल्या आवडत्या लेखकाची ओळख करून देतो. यावेळी ग्रंथपालानं छापखान्याच्या बांधणीखात्यातल्या आक्काला बोलावलं होतं. एका विनोदी कादंबरीकाराच्या गाजलेल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली होती, आणि पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे अठरा वर्षं, तिची पानं आक्का दुमडत आली होती.

"मी चौथी नापास," आक्का म्हणाली. "तुम्ही शिकलेली माणसं लेखक वाचता. माझ्या हाताखालून गेलाय तो. त्याच्या घड्या मी घातल्यात."

पुन्हा हशा. आक्का खुलली.

"एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. एकेका बाईचा एकेक फर्मा ठरलेला. दुसरीच्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही, आमच्या खात्यात तेवढी अब्रू आहे. माझा तिसरा. पान तेहतीस ते अट्ठेचाळीस. झोपेतून उठवून विचारा."

कुणी विचारायच्या आत तिनं सांगायला घेतलं. मुलगा नोकरी सोडून येतो. बाप तिसऱ्या मजल्यावरून त्याचे कपडे खाली भिरकावतो. एक मोजा पोलिसाच्या टोपीवर पडतो. खालचा न्हावी पँट झेलतो आणि तिथंच कमरेला लावून बघतो. समोरची बाई खिडकीतून ओरडते, "स्वेटर असेल तर इकडे टाका हो, आमच्या ह्यांना होईल!" आक्कानं बापाचा आवाज काढला, न्हाव्याचा काढला, समोरच्या बाईचा तर असा काढला की पहिल्या रांगेतली नर्स डोळे पुसायला लागली.

"आणि शेवटी बाप ओरडतो, 'आता एकच सदरा राहिलाय, तो...' इथं माझा फर्मा संपतो. पण पुढचं काय वाचायला लागतं? 'तो वर येऊन घेऊन जा, गाढवा!' बापच तो. दुसरं काय म्हणणार?"

टाळ्या पडल्या.

"माझ्या घरी पण हाच खेळ झाला बरं का. सहा वर्षं झाली. थोरल्यानं चांगली लागलेली नोकरी सोडली, मी त्याची बॅग जिन्यावरून खाली सोडली. अख्खी इमारत हसली. मी पण हसले. येईल वर, जातोय कुठं!"

थोरला वर आला नव्हता. सहा वर्षांत एकदाही नाही. सुनेनं नव्या गावाचा पत्ता कळवला होता. आक्कानं तो पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं होतं. आधी त्यानं यायचं, मग बघू. खात्यात कुणी विषय काढला की ती तिसरा फर्मा सांगायची. बाया हसायच्या, विषय संपायचा.

नर्स ड्यूटीवरून थेट आली होती. तिच्या मांडीवर वाचनालयाची जुनी प्रत होती. "आक्का, ते तसं नाहीये हो," ती आपली मदत म्हणून बोलली. "पुढचंच पान आहे. वाचू?"

"वाच की. लाजतेस काय?"

नर्सनं वाचलं. "'...मी जाळणार आहे. म्हणजे तुझं इथं काही राहायला नको.' खाली मुलगा जरा वेळ उभा राहिला. मग त्यानं न्हाव्याकडून पँट परत घेतली, तिची नीट घडी घातली, आणि तो गेला."

"बरं. मग येतो कधी?"

"तीच तर गंमत आहे. पुढं पुस्तकभर बाप वाट बघतो. पोस्टमनला अडवतो, दुसऱ्यांची पत्रं उघडून बघतो. हसून हसून पोट दुखतं, आक्का."

"कधी येतो ते सांग."

"येतो हो. शेवटच्या पानावर."

आक्काचा जीव भांड्यात पडला. "बघ. आलाच ना?"

"तेव्हा बाप नसतो," नर्स म्हणाली.

आक्का माइकपासून बाजूला झाली. पायरी उतरून खाली आली. चौथा फर्मा जिचा, ती चष्मेवाली पहिल्या रांगेच्या टोकाला बसली होती, चपलांकडे बघत. आक्का तिच्यासमोर जाऊन वाकली.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"अठरा वर्षं माझ्या शेजारी बसतेस. तोंड शिवलं होतं का?"

"तुमचंच जास्त बरं वाटायचं, आक्का. आपलं आपलं हसायचो." चष्मेवालीनं वर बघितलं नाही. "मग थोरला गेला. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

ग्रंथपाल पुष्पगुच्छ घेऊन पुढे झाला. "आक्का, लेखकाबद्दल शेवटचे दोन शब्द..."

आक्कानं खुर्चीखालची पिशवी ओढून घेतली आणि मधल्या वाटेनं चालायला लागली. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना विचारत.

"थोरल्याच्या गावाला शेवटची गाडी किती वाजता आहे? अहो, गाडी किती वाजता? माहीत आहे का कुणाला?"

सभागृहाला वाटलं, बाईचा कार्यक्रम अजून चालूच आहे. सगळे खदखदून हसले. काहींनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. वेळ कुणीच सांगितली नाही.