चौदा चेंडूंची खोली

मोबाइल पाकिटात घालून वेंडेल ब्रिकरनं तो दारावरच्या माणसाच्या हवाली केला, तेव्हा खोलीत अजून कोणीच आलं नव्हतं.

"दर वर्षी तुम्हीच पहिले," दारावरचा म्हणाला.

"ओमाहाला घाई असते," वेंडेल म्हणाला.

त्यानं दुसऱ्या रांगेतली टोकाची खुर्ची धरली. शेजारच्या खुर्चीवर कोट टाकला आणि खिडकीच्या काचेत बघून टाय सरळ केला. टाय नवा होता. केस कालच कापले होते. ओमाहा संघाच्या तिकीट कचेरीत सगळे त्याची थट्टा करायचे, की पहिल्या नंबरासाठी हा गडी नवरदेवासारखा नटून जातो.

शिकागोच्या त्या हॉटेलात खाली बास्केटबॉल संघांच्या सोडतीसाठी सभागृह गच्च भरलं होतं. कॅमेरे होते, दिवे होते, मंचावर संघांचे मालक हसरे चेहरे करून बसणार होते. पण खरा निकाल खाली लागत नसे. तो तासभर आधी ह्या वरच्या खोलीत लागायचा, आणि ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला त्यांना खालची घोषणा होईपर्यंत इथेच कोंडून ठेवायचे. फोन नाही, बाहेर जाणं नाही. त्यामुळे ह्या कामाला कुठल्याच संघात कोणी सहजी राजी नसे. वेंडेल मात्र पाच वर्षं स्वतःहून हात वर करत आला होता. बायको जाऊन बराच काळ लोटला होता. घरी अडवणारं कोणी नव्हतं.

हंगामात आपटी खाल्लेल्या चौदा संघांची माणसं एकेक करून आत आली. बफेलोचा जाडजूड गस कोटाकडे हात करत म्हणाला, "इथे बसू का?"

"नको. ती खुर्ची लाभते मला."

"पाच वर्षांत काय लाभलं रे तुला?" गस खदखदला आणि मागे जाऊन बसला.

सगळ्यांत शेवटी, दर वर्षीसारखीच, ओडेट गिड्री आली. बॅटन रूजची. हातात पत्र्याचा डबा, कपाळावर चष्मा.

"कोट उचला, बॅटन रूज आलंय," ती म्हणाली. "ह्या वर्षी काय दिवे लावलेत?"

"ब्याऐंशीतले सतरा सामने जिंकलो."

"सतरा! एवढे कसे काय जिंकलात?"

"प्रतिस्पर्धी आजारी होते. आणि तुम्ही किती?"

"आम्ही ना? तुमच्यापेक्षा जास्तच की," ओडेट म्हणाली आणि तिनं डबा पुढे केला. "पेकनच्या वड्या. घरी केल्यात. खा आणि गप्प बसा."

दाराला कुलूप लागलं. समोर काचेचं यंत्र होतं. एकापासून चौदापर्यंत आकडे लिहिलेले चेंडू त्यात सोडले. चौदांतले चार वर येणार. चार आकड्यांचे हजार गट आधीच संघांना वाटलेले. जो जितका हरला, त्याच्या वाट्याला तितके जास्त. ज्याचा गट लागेल, त्याला नव्या खेळाडूंमधून सर्वांत आधी निवड. आणि ह्या वर्षी नव्यांमध्ये सात फुटी डिमॉन्ट विकर होता. असा पोरगा ज्या संघात जाईल, त्याचं दैन्य फिटलंच म्हणायचं.

यंत्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसानं घड्याळ बघत हात वर केला. टप्पकन चेंडू वर आला.

"चार."

पुन्हा हात.

"नऊ."

"एक."

ओडेटनं वडी चावायची थांबवली.

"अकरा."

टेबलामागच्या बाईंनी तक्त्यावर बोट फिरवलं. "पहिला नंबर, ओमाहा."

गस मागून येऊन वेंडेलच्या पाठीवर धपाधप थापा मारू लागला. "अरे लेका, लाभली की खुर्ची! विकर तुझा!"

वेंडेल हसला, पण जरा उशिरा.

उरलेले नंबर लागले. बॅटन रूजचं काहीच लागलं नाही. मग वाट बघणं सुरू झालं. कोणी कॉफी घेतली, कोणी सँडविच. वेंडेल पायाशी बघत बसला होता.

"अहो," ओडेट हळूच म्हणाली, "नशीब उघडलंय आणि तोंड असं केलंय, जणू कोणी गाडी पळवलीय तुमची."

"फार चांगला खेळतो तो विकर."

"मग?"

"मग आम्ही जिंकायला लागू."

"लागा की. कोणी अडवलंय?"

"जिंकणाऱ्या संघाचा माणूस इथे येत नाही, ओडेट." त्यानं एकदाचं तिच्याकडे पाहिलं. "मी पाच वर्षं हात वर करतो, टाय घेतो, सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची धरतो. ते काय चेंडू बघायला?"

ओडेटनं डब्याचं झाकण लावलं. खालून टाळ्यांचा गजर वर आला. घोषणा झाली होती. दाराचं कुलूप निघालं, माणसं फोनसाठी दाराकडे धावली. ही दोघं तेवढी बसून राहिली.

मग ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"वेंडेल, बॅटन रूजची नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "दर मे महिन्यात जुन्या मालकिणीची मनधरणी करते, की ह्या खोलीत मलाच पाठवा. एरवी मी लिंकनला मुलीकडे असते. तुमच्या दारापासून गाडीनं तासाभरावर."