स्विचची राखण

पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या मागे खोचून तिने मदरबोर्डवरचं बटण दाबलं. शेजारचा बारीक दिवा लुकलुकू लागला. बंद पडलेला कॉम्प्युटर पुन्हा सुरू करण्याचा दोन दिवसांतला हा पाचवा प्रयत्न. दुकानदाराने तर केव्हाच हात वर केले होते. आता आठ मिनिटं लाइट जाता कामा नये.

परवा अपडेट निम्म्यावर असताना वडिलांनी भिंतीवरचा स्विच बंद केला आणि कॉम्प्युटर मेला. हल्ली अप्पा सगळं विसरायचे, पण जन्मभर वायरमन असलेल्या त्या हाताला चालू राहिलेला स्विच खुपायचाच. ती इतकी ओरडली होती, की ते जेवलेही नव्हते.

मागे चपला फरफटल्या. अप्पा हात पुढे करून स्विचकडेच निघाले होते. ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने स्टूल सरकवलं.

"अप्पा, इथे बसा. ह्या स्विचला कुणाला हात लावू देऊ नका."

ते स्विचवर पंजा ठेवून ताठ बसले. आठ मिनिटांनी दिवा लुकलुकायचा थांबला. स्क्रीन उजळली.

"परवा कुणावर ओरडत होतीस गं?"

"कुणावर नाही, अप्पा. लाइट गेली होती."

"मग मला नाही का हाक मारायची?"