बिजाची साल

बिजाच्या झाडाच्या सालीत कॅन्सरच्या पेशी मारणारं काही आहे का, ते मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासते. सानगडीजवळच्या जंगलातून साल काढून देतात तिथल्याच सखाबाई.

पहिल्याच दिवशी त्यांनी झाडाला हळद-तांदूळ वाहिले आणि विचारलं, "कोनाच्या नावानं काढू, मॅडम?"

"कुणाच्याच नाही. फक्त तपासायची आहे."

"नाव सांगाच लागते. खरा बिमार असंन, त्याच्यासाठीच झाड साल सोडते."

मी माझंच सांगितलं. रीता. कुऱ्हाड टेकताच साल पिकल्या केळ्यासारखी सोलून आली. सखाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या सालीनं बशीतली एकही पेशी मेली नाही. त्या पेशींसाठी ती काढलेलीच नव्हती.

पुढच्या खेपेला सोबत आलेल्या, प्रयोगशाळेतल्याच प्रविणनं हसत स्वतःचं नाव दिलं. सखाबाई घामाघूम झाल्या, पण टवकासुद्धा निघाला नाही. मग त्यांनी माझं नाव घेतलं. साल सुटली. परतताना प्रविण गाडीत नुसता धानाच्या पिकाबद्दल बोलत राहिला.

डॉक्टरकडे जायला हवं, हे कळतं मला. मी डबा भरते, बशा धुते, चहा पिते.

आज दुपारी पुन्हा गेले. बुंधा माझ्या उंचीइतका उघडा पडला होता. साल खाली होती, आतून अजून ओली.

"मावशी, आधीच काढून ठेवली?"

"म्या हात नाई लावला." त्यांनी सगळी साल गोळा करून माझ्या ओढणीत घातली. या वेळी त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं नाही.

"घरी जाय, माय. झाडाले घाई होऊन राहिली."